संकष्टी ते विनायकी : साताऱ्यातून आकाश ओळखायला शिकताना

"आकाश बघायला सुरुवात करायची आहे, कोणता टेलिस्कोप घेऊ?" हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा जण तरी विचारतात. कधी शाळकरी मुलांचे आईवडील असतात, कधी नुकतेच निवृत्त झालेले कुणी. माझं उत्तर ठरलेलं आहे. टेलिस्कोप राहू द्या. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर भिंतीवरून काढा आणि या महिन्याची संकष्टी कधी आहे ते बघा.

संकष्टीला चंद्रोदय बघून उपास सोडतात, म्हणून कॅलेंडरात त्या दिवशीच्या चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, साधारण नऊच्या पुढेमागे. म्हणजे अंधार पडल्यापासून चंद्र वर येईपर्यंत तास-दीड तास आकाश काळंभोर मिळतं. दुसऱ्या दिवशी चंद्र सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. अमावास्येला तो रात्रभर नसतोच. मग पश्चिमेला कोर दिसायला लागते, आणि विनायकी चतुर्थीला तीही नऊ-साडेनऊपर्यंत मावळते. तेव्हा संकष्टी ते विनायकी हा पंधरवडा ताऱ्यांचा, आणि विनायकी ते संकष्टी हा चंद्राचा. एवढं एक गणित डोक्यात बसलं की "आज काहीच नीट दिसत नाही" ही नवख्यांची निम्मी निराशा टळते.

माझं म्हणणं असं की पहिलं एक वर्ष फक्त डोळे, कॅलेंडर आणि वही एवढ्यावर काढावं. ते कसं, ते इथे सांगतो.

आधी गच्ची, मग माळ

साताऱ्यात राहत असाल तर पहिले दोन महिने घराची गच्ची पुरे. शहराच्या उजेडाबद्दल कुरकुर करू नका, सुरुवातीला तो उपयोगीच पडतो. अगदी अंधाऱ्या माळावर एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसतात आणि नवखा माणूस त्यात हरवून जातो. गच्चीवरून मोजके ठळक तेवढेच दिसतात, आणि पहिल्यांदा शिकायचे असतात तेही तेच. अडचण आहे ती दक्षिणेची. अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला उभा आहे आणि त्याच्या पायथ्याच्या पेठांमधून दक्षिण क्षितिजावरचा मोठा पट्टा गडाआड जातो. तो पट्टा आपल्याला नंतर लागणार आहे.

ठळक तारे ओळखीचे झाले की अंधारात जायचं. सगळ्यांना आधी कास आठवतं. पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे, २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि आकाश तिथे खरंच सुंदर दिसतं. पण नवख्यांना मी रात्री तिकडे पाठवत नाही. जंगलाचा भाग, अचानक उतरणारं धुकं, आणि अंधारात रस्ता सोडून पाय टाकला तर पायाखाली तीच नाजूक झाडं, ज्यांच्यासाठी पठार राखलंय. चाळकेवाडीला पवनचक्क्यांचे लाल दिवे डोळ्यांत येतात आणि वारा दुर्बीण स्थिर राहू देत नाही.

माझी पसंती माण-खटावला. पर्जन्यछायेचा मुलूख, हवा कोरडी, डोंगर बुटके आणि लांब. ओळखीच्या माणसाचं शेत गाठा, आधी सांगून जा, दोघंतिघं मिळून जा. सतरंजी, घोंगडी किंवा जाड चादर, कानटोपी, पाणी आणि एक बॅटरी. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाच्या दोन घड्या रबरानं बांधा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलच्या पांढऱ्या उजेडाची एक झलक ती सवय घालवून टाकते. मंद लाल उजेडात मात्र ती बरीचशी टिकते. पहिला अर्धा तास नुसतं आडवं पडून राहिलात तरी चालेल.

खटावातल्या अशाच एका शेतावर मी माझा सगळ्यात उपयोगी धडा शिकलो. शेजारचे नाना गव्हाला पाणी देत होते. रात्रीची लाईट, म्हणून रात्रभर दारं धरायची. मी चटईवर पडून नकाशात डोकं घातलेलं. नाना खोरं टेकवून म्हणाले, "काय हुडकताय?" मी मृग नक्षत्र म्हटलं. त्यांनी मान वर करून बोट दाखवलं. "ते काय तिकांडं. मार्गशीर्षात जेवाय बसताना उगवतंय, माघात त्याच टायमाला डोक्यावर असतंय." तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून प्रत्येक तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो, महिन्याला दोन तास आधी, हे मी पुस्तकातून पाठ केलं होतं. नानांनी ते दारं धरता धरता बघितलं होतं. तुमच्या घरात, भावकीत असं कुणी म्हातारं माणूस असेल तर पहिली रात्र त्याच्यासोबत काढा.

हाताची मापं आणि ध्रुव

हात सरळ लांब करून मूठ वळा. मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते, करंगळीची १ अंश. चंद्र अर्धाच अंश असतो, करंगळीआड तो सहज लपतो. पौर्णिमेचा चंद्र उगवताना केवढा तरी मोठा वाटतो, तेव्हाही करंगळी धरून बघा. तेवढाच आहे.

आता उत्तरेला तोंड करा. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाएवढी असते. सातारा १७.७ अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुव दोन मुठींपेक्षा किंचित खाली. श्रीनगरला तो साडेतीन मुठी वर असतो, कन्याकुमारीला मूठभरही नाही. बहुतेकांची फसगत इथे होते, कारण ध्रुव सगळ्यात तेजस्वी असेल अशी समजूत असते. तेजात त्याचा नंबर पन्नासाच्या आसपास लागतो. फेब्रुवारी ते जून संध्याकाळी सप्तर्षी वर असतात. बाजेच्या, म्हणजे सप्तर्षींमधल्या चौकोनाच्या, चार ताऱ्यांपैकी शेपटीपासून लांबचे दोन, पुलह आणि क्रतू, त्यांना जोडणारी रेघ क्रतूच्या पुढे पाचपट वाढवली की ध्रुव. हिवाळ्याच्या सुरुवातीला सप्तर्षी नसतात, तेव्हा एम आकाराची शर्मिष्ठा वाट दाखवते. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला चिकटून बारीकशी अरुंधती. लग्नात नवऱ्या मुलीला दाखवतात ती. ती चष्म्याशिवाय दिसली तर नजर चांगली आहे समजा.

वर्षाचा क्रम

साताऱ्यात आकाशाचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं आणि मेअखेर संपतं. जून ते सप्टेंबर पाऊस, ढग, धुकं. ऑगस्टमधल्या ययातीच्या उल्कावर्षावाची जगभर चर्चा होते, आपल्याकडे बहुधा त्या रात्री छपरावर पावसाचा आवाज असतो. त्याची हळहळ करू नका, आपला उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरचा, मिथुन राशीतला. कोरडी हवा, लांब रात्र, आणि मध्यरात्रीनंतर मिथुन डोक्यावर. उपकरण लागत नाही, सतरंजी लागते.

हिवाळ्यात मृगापासून सुरुवात करा. हरणाचे चार पाय, पोटातलं तिकांडं, बाणाच्या रेघेत खाली डावीकडे व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, ८.६ प्रकाशवर्षांवर. त्याच रेघेत उलट वर गेलं की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा झुबका. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास व्याधाच्या बराच खाली दक्षिणेला एक एकटा तेजस्वी तारा दिसेल. तो अगस्त्य, आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी. त्याची क्षितिजापासूनची उंची दोन मुठी. शहरातून तो अजिंक्यताऱ्याच्या वर येऊन थांबल्यासारखा दिसतो. त्याच वेळी मागे वळलात तर उत्तरेला ध्रुवही साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. दोन्ही हातांच्या मुठी दोन्ही दिशांना लावून बघा. दिल्लीकरांना अगस्त्य जेमतेम मूठभर वर दिसतो आणि लंडनला तो उगवतच नाही. आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत, हे त्या क्षणी अंगाला कळतं.

एप्रिल-मे हा माझा सगळ्यात आवडता काळ. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वळवत नेली की केशरी स्वाती, आणखी पुढे पांढरीशुभ्र चित्रा. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाला माळावरून दक्षिणेकडे बघितलं तर पतंगाच्या आकाराचा चिमुकला त्रिशंकू उभा असतो. त्याचा खालचा तारा क्षितिजापासून एक मूठसुद्धा वर नाही. हा तो पट्टा, जो शहरातून गडाआड जातो. त्रिशंकूच्या डाव्या हाताला मित्र आणि मित्रक. त्यातला मित्र ४.४ प्रकाशवर्षांवर, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्यांत सूर्यानंतरचा आपला सगळ्यात जवळचा शेजारी. त्रिशंकू दक्षिणेला आणि सप्तर्षी उत्तरेला, दोन्ही एका आकाशात, ही आपल्या अक्षांशाची देणगी आहे. अनेक जण आयुष्यभर साताऱ्यात राहून ती बघत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग मृगाचा पाऊस येतो, आणि एक शंका हमखास विचारली जाते. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं तर ते तेव्हा आकाशात दिसत का नाही? कारण 'मृग लागला' याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात शिरला. म्हणजे त्या दिवसांत मृग सूर्यासोबत उगवतो आणि त्याच्यासोबतच मावळतो, भर दिवसा. आपले शेतकरी रोहिणी, मृग, आर्द्रा करत थेट स्वातीपर्यंत जी पावसाची नक्षत्रं मोजतात, ती म्हणजे सूर्य ताऱ्यांमधून कुठवर आला त्याची नोंद आहे. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" म्हणणाऱ्याला तो सूर्य कुठे आहे ते सांगतोय, याची जाणीव असेलच असं नाही, पण सांगत तेच असतो.

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी अभिजित, श्रवण आणि हंस यांचा मोठा त्रिकोण पश्चिमेकडे झुकलेला सापडेल. नोव्हेंबरअखेर रात्री नऊला, अंधाऱ्या जागेवरून, डोक्यापासून साधारण अडीच मुठी उत्तरेला देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या प्रचंड ताऱ्यांच्या समूहाचा, धुरकट ठिपका शोधा. थेट तिच्याकडे न बघता जरा बाजूला बघा, तिरक्या नजरेला मंद उजेड जास्त कळतो. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय. डोळ्यांनी सहज बघता येईल अशी याहून लांबची गोष्ट नाही.

ग्रह या क्रमात बसत नाहीत, ते जागा बदलतात. ओळख सोपी आहे: तारे लुकलुकतात, ग्रह स्थिर उजेडाचे असतात आणि सूर्य-चंद्राच्या वाटेवरच सापडतात. पहाटेची किंवा संध्याकाळची शुक्राची चांदणी तुम्हाला आधीच माहीत आहे. बाकीच्यांसाठी स्टेलेरियम हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात सातारा हे ठिकाण घाला.

चंद्राचा पंधरवडा

उजेडाचे पंधरा दिवस वाया घालवू नका. कॅलेंडरात प्रत्येक तारखेच्या चौकटीत नक्षत्राचं नाव आणि ते किती वाजेपर्यंत आहे ते छापलेलं असतं. ते नक्षत्र चंद्राचं. चंद्र साधारण सव्वासत्तावीस दिवसांत सत्तावीस नक्षत्रं पालथी घालतो, रोज एक घर. कॅलेंडर रोहिणी सांगत असेल त्या रात्री चंद्राच्या जवळचा तांबूस तारा रोहिणी. मघा, चित्रा, ज्येष्ठा हेही चंद्राच्या उजेडात टिकतात. नक्षत्रांच्या गणिती चौकटी सारख्या आकाराच्या केलेल्या आहेत, त्यामुळे तारा कधी थोडा पुढेमागे सापडेल. महिन्यांची नावंही अशीच आलीत: पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ तो चैत्र, कृत्तिकांजवळ तो कार्तिक. यंदाच्या कार्तिकी पौर्णिमेला वर बघून पडताळा घ्या.

हे सगळं निरीक्षण आहे. त्यावरून कुणाचं लग्न जमावं किंवा गर्भवतीनं ग्रहणात भाजी चिरू नये, हे आकाशात कुठेच लिहिलेलं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या गावचे, त्या गावात ग्रहणाच्या दिवशी रस्ते ओस पडलेले बघवत नाहीत. चंद्रग्रहण खुशाल उघड्या डोळ्यांनी बघा. सूर्यग्रहणाला प्रमाणित ग्रहणचष्मा हवाच. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल यातलं काहीही चालत नाही.

दिवसाउजेडी एक प्रयोग

१० मेच्या आसपास साताऱ्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. कराडला दीड-एक दिवस आधी, सांगलीला ७ मेच्या सुमारास. गच्चीवर सपाट फळी ठेवा. पीव्हीसी पाइपचा वीतभर सरळ तुकडा त्यावर उभा करा आणि गवंड्याच्या ओळंब्यानं तो खरोखर उभा आहे ना ते तपासा. बारा वाजून दहा मिनिटांपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूनं खूण करत जा. सावली आखडत आखडत पाइपाच्या बुडाशी येते आणि साडेबाराच्या सुमारास नाहीशी होते. पाइपाच्या आत मात्र तळाशी उजेडाचं गोल वर्तुळ पडलेलं असतं. बाराला का नाही? आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि सातारा ७४ वर, म्हणून सूर्य आपल्याकडे अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो. दुसऱ्या दिवसापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. मुलांना हे आधी सांगू नका, त्यांच्या खडूच्या खुणाच त्यांना सांगतील.

वर्षानंतर : बायनॉक्युलर, मग दुर्बीण

वर्षभर गच्चीवर जाण्याची सवय टिकली तर १०×५० चा बायनॉक्युलर घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. कृत्तिकांमध्ये डझनांनी तारे, पुष्य नक्षत्रातला धुरकट ठिपका म्हणजे प्रत्यक्षात ताऱ्यांचा थवा, तिकांड्याखालचा तेजोमेघ, आणि हात टेकवून स्थिर धरलात तर गुरूचे चार चंद्र. गॅलिलिओनं ते जानेवारी १६१० मध्ये बघितले तेव्हापासून माणसाची विश्वाची कल्पना बदलत गेली. रोज त्यांच्या जागा वहीत टिपल्यात तर आठवड्याभरात ते गुरूभोवती फिरतात हे तुम्ही स्वतः सिद्ध कराल. चंद्र बघायचा तो पौर्णिमेला नाही, शुद्ध पंचमी ते दशमीच्या दरम्यान. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, पौर्णिमेला सगळं सपाट दिसतं.

माझी चूक सांगतो. मी सगळ्यात आधी टेलिस्कोप घेतला. खोक्यावर ५२५ पट लिहिलं होतं, मी भुललो. तिपाई इतकी हलकी की श्वास घेतला तरी चंद्र उडी मारून निघून जाई. पंधरा दिवसांत तो माळ्यावर गेला आणि आकाशही दोन वर्षं माझ्यापासून लांब गेलं. ती दोन वर्षं आजही सलतात. म्हणून सांगतो, खोक्यावर पट बघू नका, व्यास बघा. मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुप्पट, एवढीच पट जास्तीत जास्त कामाची असते. व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट जमतो. १३० ते १५० मिलिमीटरचा आरशाचा टेलिस्कोप, जमिनीवर ठेवायच्या लाकडी डॉब्सोनियन बैठकीवर, हा नवख्यासाठी सगळ्यात चांगला. तीस-चाळीस पटीत शनीची कडी दिसते. २०२५ च्या मार्चमध्ये ती आपल्याला नेमकी कडेवर आली होती, आता वर्षागणिक उघडत जाणार आहे.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, सूर्याकडे बायनॉक्युलर किंवा टेलिस्कोप कधीही लावायचा नाही, क्षणभरही नाही. दृष्टी कायमची जाते. दिवसा दुर्बीण मुलांच्या हाती एकटी सोडू नका. दुसरी, साताऱ्याचा पावसाळा. कपाटातल्या चामडी चपलेवर बुरशी येते तशीच ती भिंगावरही येते, आणि एकदा आत शिरली की निघत नाही. जूनच्या आधी सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पुड्या ओलसर झाल्या की बदला.

सोबत हवी असेल तर पुणे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. तिथली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांसाठीच काम करते. कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था तिथेच आहे, आणि नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणींचा जीएमआरटी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांसाठी कार्यक्रम होतात. मुलांना एकदा तरी न्या.

वही

साधी दोनशे पानी वही. तारीख, तिथी, वेळ, जागा, आकाश कसं होतं, काय बघितलं. चित्र काढता येत नसलं तरी काढा. काही दिसलं नाही तर तेही लिहा. मोबाईलमध्ये लिहू नका, पांढरा उजेड डोळ्यांत जातो.

२०१९ च्या अखेरीस मृगातला तांबूस काक्षी मंदावू लागला. एरवी तो रोहिणीपेक्षा ठळक असतो. जगभरच्या मोठ्या दुर्बिणी त्याच्याकडे वळल्या आणि पुढे कळलं की ताऱ्यानं बाहेर फेकलेल्या धुळीच्या ढगाआड तो झाकोळला होता. माझ्या वहीत त्या फेब्रुवारीची एक ओळ आहे, गच्चीवर, कुठलंही भिंग न लावता, लाल बॅटरीच्या उजेडात लिहिलेली: "माघ अमावास्येच्या आसपास. रात्री ८.४०. आकाश स्वच्छ. काक्षी रोहिणीहून स्पष्ट मंद. दोनदा बघितलं, आईलाही विचारलं. तीही म्हणाली, मंदच आहे."